पाकिटावर एक्स्पायरी किती लिहायची? विद्यापीठाच्या लायब्ररीत शोधा

आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, नाचणीच्या लाडवाच्या पाकिटावर बेस्ट बिफोर किती लिहू?" मी उलट विचारतो, तुम्ही काय ठरवलंय? उत्तर ठरलेलं असतं. "दुसऱ्या ब्रँडने तीन महिने लिहिलंय, म्हणून मीही तीन महिने."

इथेच थांबा. त्या ब्रँडचं पाकीट वेगळं, तुपाचं प्रमाण वेगळं, भाजण्याची पद्धत वेगळी. त्यांची तारीख तुमच्या लाडवाला कशी चालेल? मी स्वतः दुकान चालवतो, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक खवट लाडू एकदाच परत आणतं, त्यानंतर ते पुन्हा येत नाही. आणि लेबलवरच्या तारखेची जबाबदारी कायद्याने तुमचीच असते, कॉपी कुणाची केली हे कोणी विचारत नाही.

आता गंमत बघा. नाचणीचे पदार्थ किती दिवस टिकतात, कुठल्या पाकिटात जास्त टिकतात, यावर आपल्याच कृषी विद्यापीठांत आणि फूड टेक्नॉलॉजी कॉलेजांत वर्षानुवर्षं काम चाललंय. ते जर्नल्समध्ये छापून आलंय. आपण तिकडे बघतच नाही, कारण वाटतं ते प्रोफेसर लोकांचं काम.

आधी फुकटचं बघा

पहिली जागा शोधगंगा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध इथे मोफत वाचता येतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हे चालवतं. दुसरी जागा कृषिकोश. इथे राहुरी, दापोली, परभणी, अकोला अशा कृषी विद्यापीठांतले प्रबंध शोधायचे. कोकम, काजू बोंड, आवळा, ज्वारी, यातलं काही करत असाल तर आधी इथे जा. प्रबंध लांबलचक असतो, पण त्यात रेसिपीचं प्रमाण, तापमान, पाकिटाचा प्रकार सगळं तपशिलात असतं.

तिसरी जागा गूगल स्कॉलर. निकालाच्या उजव्या बाजूला पीडीएफ दिसलं की समजा तो पेपर फुकट आहे. नसेल तर खाली "ऑल व्हर्जन्स" दाबून बघा, बऱ्याचदा दुसरीकडे मोफत प्रत सापडते.

मग लायब्ररी

काही पेपर पैसे मागतात. एका पेपरला दोन-तीन हजार रुपये बघून लोक घाबरून टॅब बंद करतात. पैसे भरू नका. तो पेपर तुमच्या जवळच्या विद्यापीठाकडे बहुतेक आधीच असतो.

केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० मोठ्या प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. म्हणजे हा आपल्याच कराचा पैसा आहे मंडळी!

तुम्ही अशा संस्थेत शिकत असाल तर लायब्ररीच्या वेबसाइटवर ई-रिसोर्सेसमध्ये जा. कॅम्पसच्या वाय-फायवर पेपर थेट उघडतो. घरून हवा असेल तर लायब्ररीकडून लॉगिन मिळतं का ते विचारा.

शिक्षण संपलंय? मग तीन रस्ते आहेत.

१. लायब्ररीत प्रत्यक्ष जा. माजी विद्यार्थी किंवा बाहेरच्या वाचकाला बसून वाचायची सोय आहे का, फी किती, हे काउंटरवर विचारा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो, म्हणून ओळखपत्र सोबत ठेवा.

२. ग्रंथपालांना नेमका विषय सांगा. "बिझनेससाठी माहिती पाहिजे" असं नको. "नाचणीच्या लाडवाची टिकवण क्षमता, पाकिटाच्या प्रकारानुसार" असं सांगा. हे त्यांचं रोजचं काम आहे.

३. थेट लेखकाला मेल करा. पेपरच्या पहिल्या पानावर मेल आयडी असतो. चार ओळींत नम्रपणे प्रत मागा. बरेच संशोधक आनंदाने पाठवतात.

भाच्याचा पासवर्ड मात्र वापरू नका. आणि लायब्ररीत बसून धडाधड शंभर पेपर डाउनलोडही करू नका. प्रकाशकाला असं दिसलं तर तो अख्ख्या संस्थेचा ॲक्सेस बंद करू शकतो.

शब्द बरोबर टाका

"नाचणी लाडू" टाकून फार काही मिळणार नाही. नाचणी म्हणजे फिंगर मिलेट, राळे म्हणजे फॉक्सटेल मिलेट, शेवगा म्हणजे मोरिंगा, कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. त्याला "शेल्फ लाइफ", "स्टोरेज स्टॅबिलिटी" किंवा "पॅकेजिंग" जोडा. सर्च बॉक्समध्ये अर्थात इंग्रजी स्पेलिंग टाकायचं. विषय नवा असेल तर "रिव्ह्यू" हा शब्द जोडा. एकाच पेपरमध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा गोषवारा मिळतो.

वाचायचं कसं?

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. आधी ॲब्स्ट्रॅक्ट, मग कन्क्लुजन. आपल्या कामाचं वाटलं तरच "मटेरियल्स अँड मेथड्स" वाचा. तिथे चार गोष्टी वहीत लिहा: घटकांचं प्रमाण, पाकीट कुठलं, साठवणीचं तापमान, प्रिझर्व्हेटिव्ह होतं का.

दोन शब्द ओळखीचे करून घ्या. "वॉटर ॲक्टिव्हिटी" म्हणजे जंतूंना वापरता येईल असं पाणी. हा आकडा ०.६ च्या खाली असेल तर बुरशी-जंतू वाढत नाहीत. पण तूप-तेल खवट होणं त्याने थांबत नाही. त्यासाठी "पेरॉक्साइड व्हॅल्यू" बघतात. लाडू, चिवडा, चकली करणाऱ्यांनी हे दुसरं जास्त लक्षात ठेवा.

एकाच पेपरवर विसंबू नका. दोन-तीन वाचा. आकडे वेगळे आले तर का वेगळे आले ते बघा, बहुतेक वेळा पाकीट किंवा तापमान वेगळं असतं.

पेपर वाचला म्हणजे तारीख ठरली का?

नाही! पेपरमधला लाडू त्यांचा आहे. पेपरचा उपयोग एवढाच, की चाचणी कुठून सुरू करायची ते कळतं. तीन प्रकारची पाकिटं आंधळेपणाने विकत घेण्यापेक्षा जे पाकीट अभ्यासात चांगलं ठरलंय त्यापासून सुरुवात करा. तुमच्या मालाची पाकिटं ठेवून दर पंधरा दिवसांनी एक उघडा, वास-चव नोंदवा. मग मान्यताप्राप्त लॅबमधून तपासणी करून घ्या. लॅबमध्ये कुठली टेस्ट मागायची हेही आता तुम्हाला माहीत असेल.

आणि हो, "संशोधनाने सिद्ध, शुगर कमी होते" असलं काही पाकिटावर छापू नका. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. दुसऱ्याचा पेपर तुमच्या पाकिटाचा पुरावा होत नाही.

या आठवड्याचं होमवर्क: तुमच्या प्रॉडक्टचं इंग्रजी नाव शोधा, शोधगंगा किंवा कृषिकोशवर एक प्रबंध काढा आणि वर सांगितलेल्या चार गोष्टी वहीत उतरवा. वही घेऊनच पुढच्या सेशनला बसा, आपण त्यावरून चाचणीचा तक्ता बनवू.