‘ह्यांच्या डोक्यात शिरतच नाही’

हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी अनेकदा ऐकले आहे. ‘ह्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे सांगावे लागत नाही. बोलणारा दुष्टच असतो असे नाही. बहुधा तो थकलेला असतो. पण त्याच्या बोलण्यामागे एक जुनी समजूत उभी असते, की डोके हे जन्माबरोबर मिळालेले भांडे आहे, कुणाचे मोठे, कुणाचे लहान. मेंदूविषयी आज जे ज्ञान हाती आहे, त्यापुढे ही समजूत टिकत नाही.

वाचनाचेच घ्या. लिपी माणसाने शोधली त्याला फार तर साडेपाच हजार वर्षे झाली. तेव्हा वाचनासाठी जन्मतः राखून ठेवलेली जागा कोणाच्याच मेंदूत असणे शक्य नाही. ती घडवावी लागते. स्तानिस्लास देहाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझील आणि पोर्तुगालमधील ६३ प्रौढांच्या मेंदूंची पाहणी करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शाळेत शिकलेले होते, निरक्षर होते, आणि मोठेपणी अक्षरे गिरवलेलेही होते. वाचणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या बाजूस, मागे-खाली, अक्षरांना प्रतिसाद देणारा एक भाग तयार झालेला आढळला. मोठेपणी शिकलेल्यांतही तो होता. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची अक्षरबंदी ही केवळ पोथ्यांपुरती बंदी नव्हती. मेंदूच्या घडणीवरच ती बंदी होती. आणि रात्रशाळेत बसलेली म्हातारी ती बंदी आपल्या डोक्यात मोडीत असते.

आता गणिताकडे येऊ. कपाळामागचा मेंदूचा भाग चालू विचार हाताळतो, पण तेथे जागा फार थोडी. एका वेळी तीन-चार गोष्टी कशाबशा मावतात. ४७ ला ६ ने मनातल्या मनात गुणा. सहा सत्ते बेचाळीस, दोन लिहायचे, हातचे चार, सहा चोक चोवीस, त्यांत ते चार. एवढ्यात जागा भरली. (पाढे पाठ असले की ही जागा मोकळी राहते, पाठांतराला सरसकट मागासलेपण म्हणणाऱ्या सुधारकांशी म्हणूनच माझे जमत नाही.) अशा वेळी फळ्यासमोर उभ्या मुलाच्या मनात ‘मागे कोण हसले, गुरुजी आता काय बोलतील’ हे शिरले, तर हातचा तेथून बाहेर पडणारच. तीव्र ताणात नॉरअॅड्रेनलिन व डोपामिन ही द्रव्ये त्या भागात प्रमाणाबाहेर वाढतात आणि त्याचे काम ढिले पडते. पळून जाण्यासाठी शरीराची ही तयारी उपयोगी आहे, गुणाकारासाठी नाही.

उत्तर प्रदेशातील खेड्यांत कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतील ३२१ सवर्ण व ३२१ दलित मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोघांत लक्षणीय फरक दिसला नाही. पण आधी प्रत्येकाची जात सर्वांसमोर जाहीर केली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. येथे मेंदूचे चित्र कोणी काढले नव्हते, हे सांगितले पाहिजे. आपला निवाडा न्यायाने होणार नाही असे मुलांना वाटले असावे, असा अभ्यासिकांचा कल आहे. भीती म्हणा की अविश्वास. मुलांची बुद्धी तीच होती, बदलला होता तो वर्ग. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी वर्गात उभे करून जात विचारणाऱ्या शिक्षकांनी हा प्रयोग जरूर वाचावा. ती माहिती दाखल्यावर असते.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणून पैसे उकळणारे जे ‘मेंदूचे वर्ग’ निघाले, त्यांचा ह्या विज्ञानाशी काही संबंध नाही.

बिनपैशाची युक्ती निराळीच आहे. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ सालच्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिले पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्केच आठवले, दुसऱ्यांना ६१ टक्के. म्हणून वस्तीवरच्या अभ्यासवर्गात मी मुलांना पुस्तक मिटायला लावतो आणि धडा शेजारच्याला सांगायला लावतो. तीन दिवसांनी पुन्हा. चुकले तर उघडून पाहायचे, गुण द्यायचे नाहीत. ह्याला वेगळी खोली लागत नाही, टेबल लागत नाही, आणि दिवे गेले तरी चालते.