मनात घर करणाऱ्या ओळी : सातारा-सांगलीच्या वाचकांचा वारसा

सातारा आणि सांगली हे जिल्हे नकाशावर दोन असले, तरी वाङ्मयाच्या दृष्टीने ते एकाच घरातील होत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु कृष्णेचा काठ, वारणेचे खोरे आणि माणदेशाचे कोरडे माळ यांनी घडविलेली बोली व जीवनदृष्टी अशी विभागली गेली नाही. समर्थ रामदासांचे चाफळ व सज्जनगड, गोविंद बल्लाळ देवलांचे हरिपूर, माडगूळकर बंधूंचा माणदेश आणि अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव, ही सारी ठिकाणे याच परिसरात येतात.

या भागातील एखाद्या जाणत्या माणसास त्याची आवडती ओळ विचारली, तर तो पुस्तक आणावयास उठत नाही. ओळ त्याच्या तोंडी असते. पुष्कळदा कवीचे नाव विस्मृतीत जाते, पण ओळ राहते. शेकडो पानांच्या ग्रंथातील एखादेच वाक्य माणसाला जन्मभर का पुरते, हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. वाचनाची गोडी लावण्याची जबाबदारी ज्या शिक्षकांवर, ग्रंथपालांवर व पंचायत सदस्यांवर आहे, त्यांच्या दृष्टीने तो व्यवहाराचाही प्रश्न आहे.

कानाने धरलेली ओळ

ओळ टिकण्याचे पहिले कारण तिच्या चालीत असते. 'मनाचे श्लोक' याचे ठळक उदाहरण होय. हे २०५ श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात बारा अक्षरे असून लघु-गुरु-गुरु हा क्रम चार वेळा येतो. पावलामागून पाऊल पडावे तशी ही लय असल्यामुळे एक शब्द विसरला तरी चाल तो परत आणून देते. अक्षरओळख नसलेल्या माणसांनीही हे श्लोक पाठ केले, ते या रचनेच्या बळावर. शिवाय या श्लोकांत उपदेश आहे तो श्रोत्याला नव्हे, स्वतःच्या मनाला. दुसऱ्याने केलेला उपदेश माणूस टाळतो. आपणच आपल्या मनाला सांगितलेली गोष्ट त्याला परकी वाटत नाही.

जात्यावरील ओव्यांचेही असेच झाले. दळणाच्या फेऱ्याबरोबर ओवी फिरली आणि आईकडून लेकीकडे गेली. तिला कागदाचा आधार नव्हता. हाताच्या श्रमाची लय हाच तिचा आधार होता.

हीच श्रवणाची परंपरा पुढे आकाशवाणीने चालविली. सांगली जिल्ह्यातील शेटफळे येथे १९१९ साली जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून प्रसारित होऊ लागले. सुधीर फडके यांच्या संगीतातील ५६ गीतांचा हा क्रम वर्षभर चालला. त्यांतील भरतभेटीचे गीत आजही दुःखाच्या प्रसंगी आठवले जाते. समुद्रात दोन ओंडके क्षणभर जवळ येतात व लाटेसरशी दुरावतात, हा दृष्टांत मूळचा प्राचीन संस्कृत वाङ्मयातील. माडगूळकरांनी तो घरगुती मराठीत आणला. ज्याच्या घरी मृत्यू घडला आहे, त्याला त्या शब्दांत तत्त्वज्ञान दिसत नाही. आपले सांत्वन करणारा वडीलधारा माणूस दिसतो.

अबोल्याला वाचा

दुसरे कारण अधिक खोल आहे. माणसाच्या मनात जे असते ते त्याला नेहमी बोलता येत नाही. कधी शब्द सापडत नाहीत, तर कधी बोलण्याची मुभा नसते. अशा वेळी लेखकाची ओळ त्याच्या वतीने बोलते.

हरिपूर येथील देवलांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीचा विवाह एका वृद्धाशी ठरवितो, हा त्याचा विषय. त्या काळी घरोघरच्या मुलींना वडिलांसमोर तोंड उघडणे शक्य नव्हते. रंगमंचावरील शारदेने आपले भय व संताप गाऊन दाखविला आणि त्या पदांना घरांत प्रवेश मिळाला. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मराठी मुलखात मात्र त्याला 'शारदा कायदा' हेच नाव रूढ झाले. नावातील साम्य योगायोगाचे असले, तरी मराठी माणसाला ते नाव परके वाटले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांना शालेय शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. १९५८ साली मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी शेषनागाच्या मस्तकावर पृथ्वी असल्याची पुराणकल्पना उलटविली आणि तिचा भार कष्टकऱ्यांच्या हातांवर असल्याचे प्रतिपादन केले. हे विधान अल्पावधीत सर्वतोमुखी झाले. श्रोत्यांना शेषाची कथा लहानपणापासून ठाऊक होती, म्हणून विधान समजावयास वेळ लागला नाही; आणि त्या जुन्या चित्रात स्वतःचे हात प्रथमच दिसले, म्हणून ते विसरता आले नाही. परिचित प्रतिमा आणि नवा अर्थ यांची अशी गाठ पडते तेथे ओळ लोकांची होते. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'फकिरा' या कादंबरीवरील लोकांचे प्रेमही याच जातीचे आहे.

मातीतला साधा शब्द

आवडती ओळ नेहमी अलंकारयुक्त असते, हाही एक समज आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तो दूर करते. औंध संस्थानातील एक तरुण मास्तर माणदेशातील धनगरांच्या वाडीवर शाळा चालविण्यास जातो. तेथील माणसांचा विश्वास मिळवितो, त्यांच्या सहभागाने तालीम उभी करतो आणि अखेर दुष्काळाने ती वाडी ओस पडलेली पाहतो. वाक्ये आखूड आहेत, शब्द बोलण्यातले आहेत. लेखक कोठेही हळहळ व्यक्त करीत नाही. पाहिलेले तेवढे सांगतो. त्यामुळे हळहळण्याचे काम वाचकाकडे येते. दुर्गम गावी पहिली नेमणूक मिळालेल्या शिक्षकाला व ग्रामसेवकाला या कादंबरीतील वाक्ये स्वतःच्या दैनंदिनीतील वाटावीत, यात नवल नाही.

येथे वाचकाचा वाटाही दिसून येतो. लेखक ओळ लिहितो, पण ती पुरी करतो वाचकाचा अनुभव. दुष्काळ पाहिलेल्याला 'बनगरवाडी'चा शेवट जसा कळतो, तसा तो न पाहिलेल्याला कळेलच असे नाही. एकच ओळ शाळेत पाठांतराची असते, संसारात आधाराची होते आणि उतारवयात तिचा तिसराच अर्थ लागतो.

शाळा, ग्रंथालय आणि ग्रामपंचायत

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयात शिरले आणि असंख्य ग्रंथ भिजून गेले. कंठस्थ ओळ पुरात वाहून जात नाही हे खरे. परंतु तिचा अचूक पाठ आणि मागचापुढचा संदर्भ पुढील पिढीस मिळावयाचा, तर ग्रंथच जतन करावे लागतात. शिवाय पाठांतराची जुनी साधने, म्हणजे जाते, परवचा, नाटक मंडळ्यांचे फड, आता मागे पडली आहेत. मुलांच्या कानावर चांगली ओळ पडावी, यासाठी आज जाणीवपूर्वक योजना करणे अगत्याचे आहे.

या दिशेने साताऱ्याने एक मार्ग दाखविला आहे. पाचगणी व महाबळेश्वर यांच्या दरम्यान असलेले भिलार ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. प्रारंभी गावातील २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके ठेवण्यात आली. ग्रामस्थांनी आपल्या घरांचे दरवाजे वाचकांसाठी उघडले, ही त्यातील मोलाची गोष्ट. कुलूपबंद कपाटातून पुस्तक माणसांच्या वावरात आले.

प्रत्येक गावास भिलार होता येणार नाही, पण काही गोष्टी थोडक्या साधनांत होऊ शकतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना परिरक्षण अनुदान मिळते. ग्रंथखरेदी करताना आपल्या तालुक्यातील लेखकांचे ग्रंथ प्राधान्याने घेता येतील. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन केवळ भाषणांत न घालविता, प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः निवडलेली ओळ वाचावी व ती का आवडली हे चार वाक्यांत सांगावे. मार्गदर्शिकेतील रसग्रहण तेथे चालणार नाही. गावातील वृद्ध स्त्रियांना बोलावून त्यांच्या ओव्या मुलांकडून वहीत उतरवून घ्याव्यात. ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचनांशेजारी आठवड्याला एखादी ओळ लेखकाच्या नावासह लिहावी.

मुलाने निवडलेली ओळ शिक्षकाच्या आवडीची असेलच असे नाही. ती तशी नसली तरी तिचा आदर व्हावा. कारण स्वतः निवडलेली पहिली ओळ हीच वाचकाची खरी नावनोंदणी असते.