काळ्या कपड्यांतले चौघे

४ जुलै १९७६ रोजी लंडनच्या राउंडहाऊसमध्ये न्यूयॉर्कच्या रमोन्सचा ब्रिटनमधला पहिला कार्यक्रम झाला. पंकचा इतिहास लिहिणारा कोणीही या तारखेपाशी थांबतोच. त्याच संध्याकाळी रमोन्सच्या आधी मंचावर येऊन गेलेल्या इंग्रज बँडला मात्र बहुतेक इतिहासांत अर्ध्या ओळीपेक्षा जास्त जागा मिळत नाही. तो बँड म्हणजे द स्ट्रँगलर्स. गेली जवळजवळ पन्नास वर्षं त्याचे चाहते आपसांत भांडत आले आहेत. हे खरोखर पंक होते का? त्यांची बदनामी त्यांनी स्वतः ओढवून घेतली की समीक्षकांनी लादली? आणि आज या नावाने जे वाजतं ते स्ट्रँगलर्स म्हणायचं का? या तिन्ही प्रश्नांवर माझी मतं ठाम आहेत, आणि त्यांतलं एक मत इतर चाहत्यांना रुचणारं नाही.

पंक असण्यावर पहिला आक्षेप वयाचा. बँड सुरू झाला १९७४ मध्ये, लंडनजवळच्या गिल्डफर्डला. ड्रमर जेट ब्लॅकचा जन्म १९३८ चा. आइस्क्रीमच्या गाड्यांचा ताफा आणि दारूचं दुकान चालवून तो या धंद्यात उतरला होता, आणि सुरुवातीच्या काळात त्याच्याच आइस्क्रीमच्या गाडीतून बँडची वाद्यं गावोगावी फिरली. गायक-गिटारवादक ह्यू कॉर्नवेल स्वीडनमधल्या लुंडला जीवरसायनशास्त्रात संशोधन करून आलेला. बेस वाजवणारा जाँ-जाक बर्नेल फ्रेंच आईवडिलांचा, शास्त्रीय गिटार शिकलेला, कराटेत मुरलेला. १९७५ मध्ये कीबोर्डवर डेव्ह ग्रीनफील्ड आला, तोही बरीच वर्षं इतर बँडांत वाजवून. जॉनी रॉटन तेव्हा विशीचा होता. त्याच्याशेजारी जेट ब्लॅक म्हणजे वडीलधारा माणूस. पण क्लॅशचा जो स्ट्रमर आणि बर्नेल हे दोघंही १९५२ चे, आणि स्ट्रमरचं वय काढून त्याला पंकमधून कोणी हाकलत नाही. वाद्यावरचा हात तयार असणं हा तेव्हा गुन्हा ठरला होता. पोलीस या बँडलाही हेच ऐकावं लागलं. त्यांचा गिटारवादक अँडी समर्स १९४२ चा. मार्च १९८० मध्ये पोलीस मुंबईत वाजवून गेले तेव्हा इथल्या श्रोत्यांना ते पंक आहेत की नाहीत याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि मला ती वृत्ती जास्त निरोगी वाटते.

खरी अडचण कीबोर्डची होती. पंकच्या अलिखित नियमांत कीबोर्ड बसतच नव्हता; तो आधीच्या पिढीच्या लांबलचक, सजवलेल्या रॉकचं चिन्ह मानला जाई. स्ट्रँगलर्समध्ये तर तो मध्यभागी होता. ग्रीनफील्डची बोटं सुरांच्या लडी एवढ्या वेगाने उलगडत की टीकाकारांनी लगेच डोअर्सच्या रे मँझारेकचं नाव घेतलं. ग्रीनफील्ड स्वतः जॉन लॉर्ड आणि रिक वेकमन यांची नावं घ्यायचा. खालून बर्नेलचा गुरगुरणारा बेस. इतर बँडांत बेस आधाराला असतो, इथे तो पुढे होऊन चाल सांगतो, आणि बऱ्याच गाण्यांत गिटार त्याच्या मागे उभी राहते. ‘पीचेस’ लोकांच्या लक्षात आहे ते बेसच्या त्या सुरुवातीमुळे. वरचा चमकता कीबोर्ड आणि खालचा खरखरीत बेस यांच्यामधली मोकळी जागा हाच या बँडचा खरा शोध. ती जागा ऐकू आली की ‘पंक की नाही’ हा वाद मिटत नाही, पण फिजूल वाटायला लागतो.

एप्रिल १९७७ मध्ये ‘रॅटस नॉर्व्हेजिकस’ आला आणि ब्रिटिश यादीत चौथ्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी ‘नो मोअर हीरोज’ दुसऱ्या क्रमांकावर. मे १९७८ मधला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ही दुसरा. म्हणजे समीक्षक तोंड फिरवत होते तेव्हा लोक रांगा लावत होते. उत्तर लंडनमधल्या फिंचलीची पोरं तर टोळीने बँडच्या मागोमाग फिरत. त्यांना ‘फिंचली बॉइज’ असं नावच पडलं.

आता बदनामी. इथे मी चाहत्यांच्या बाजूने उभा राहू शकत नाही. पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं, ‘समटाइम्स’, बाईवर हात उचलण्याच्या भाषेत सुरू होतं. ‘पीचेस’ समुद्रकिनाऱ्यावरच्या बायकांकडे टक लावून बघतं. बीबीसीसाठी त्याचे शब्द बदलून ते पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं. सप्टेंबर १९७८ मध्ये बॅटरसी पार्कच्या कार्यक्रमात ‘नाइस एन स्लीझी’ सुरू असताना मंचावर बायकांना कपडे उतरवायला उभं केलं गेलं. हे सगळं व्यंग होतं, एका किळसवाण्या पुरुषी पात्राचं सोंग होतं, असं चाहते सांगतात. एखाद्या गाण्याबाबत ते मान्य करता येईल. पण सोंग वठवणाऱ्याने ते सोंग असल्याची एखादी तरी खूण ठेवायला हवी, आणि या गाण्यांत मला ती सापडत नाही. ‘तेव्हाचा काळच तसा होता’ हेही टिकत नाही. त्याच काळात, त्याच शहरात पॉली स्टायरीन आणि स्लिट्स गात होत्या, आणि बाईकडे बघण्याचा वेगळा मार्ग त्यांनी उघड दाखवला होता.

समीक्षकांशी असलेलं वैर हा या बदनामीचा दुसरा भाग. ‘नो मोअर हीरोज’वर झोंबरी टीका लिहिणाऱ्या जॉन सॅव्हेजला बर्नेलने ठोसा लगावला. पुढे १९९१ मध्ये याच सॅव्हेजने ‘इंग्लंड्स ड्रीमिंग’ लिहिलं. ब्रिटिश पंकचा प्रमाण इतिहास म्हणून आज तेच पुस्तक हातात घेतलं जातं. बँडला इतिहासातून मुद्दाम वगळलं, अशी चाहत्यांची तक्रार असते. त्या तक्रारीत तथ्य आहे असं मला वाटतं, कारण विक्री आणि प्रभाव पाहता त्यांना मिळालेली जागा फारच थोडी आहे. पण इतिहास लिहिणाऱ्यांना मारहाण करणाऱ्याने इतिहासाकडून न्यायाची अपेक्षा कुठल्या तोंडाने धरावी?

माझं दुःख वेगळंच आहे. या गोंगाटात १९७९ चा ‘द रेव्हन’ झाकला गेला. माझ्या मते तो त्यांचा सर्वोत्तम अल्बम. शीर्षकगीत ओडिनच्या कावळ्यांना घेऊन उत्तर समुद्रावर जातं. ‘शाह शाह अ गो गो’ इराणमधल्या उलथापालथीवर आहे, ज्या वर्षी ती घडत होती त्याच वर्षी केलेलं. ‘न्यूक्लिअर डिव्हाइस’ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा सत्ताधीश ब्येल्के-पीटरसन याच्यावर. शेवटचं ‘जेनेटिक्स’ ग्रीनफील्डने स्वतः गायलं. दोन वर्षांपूर्वी समुद्रकिनाऱ्यावर शिट्ट्या मारणारा हाच बँड, यावर विश्वास बसत नाही. संगीतही मोकळं झालं. राग कायम राहिला, पण त्याला रोखायला नेमकी माणसं सापडली.

त्यानंतर १९८० साल आलं आणि सगळं विस्कटलं. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल कॉर्नवेल पेंटनव्हिल तुरुंगात गेला. नीसमध्ये दंगल भडकवल्याच्या आरोपावरून बँडला अटक झाली. अमेरिकेच्या दौऱ्यात वाद्यं चोरीला गेली. १९८१ चा ‘मेनिनब्लॅक’ हा परग्रहवासीयांवरचा अल्बम चाहत्यांतल्या अर्ध्यांना आजही असह्य होतो. त्याच अल्बमच्या कामातून बाजूला पडलेला एक तुकडा मात्र वाया गेला नाही. त्यातून ‘गोल्डन ब्राउन’ झालं.

हे गाणं १९८२ च्या सुरुवातीला दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिल्या जागेवर जॅमचं ‘टाउन कॉल्ड मॅलिस’ ठाण मांडून होतं. हार्पसिकॉर्डचा आवाज, गोड चाल, आणि विषय हेरॉइन. कडव्या चाहत्यांना ते फितुरीसारखं वाटलं. हा आरोप मला मुळातच मान्य नाही. आपल्याकडे तालाला सरावलेल्या कोणीही सुरुवातीचा वाद्यांचा भाग हातावर मोजून बघावा. तीन-तीन मात्रांचे तीन गट येतात आणि चौथा गट चार मात्रांचा. आवर्तन तेरा मात्रांचं. टाळी चुकते, आणि चुकली तरी गाणं गोडच लागतं. रेडिओवर घरोघरी वाजलेल्या गाण्याच्या पोटात एवढा अडेलपणा दडवणं हे माझ्या लेखी ‘रॅटस’मधल्या कुठल्याही आरडाओरड्यापेक्षा जास्त बंडखोर काम आहे. त्या यशानंतर लगेच त्यांनी पुढचं गाणं काढलं ते फ्रेंचमध्ये, ‘ला फोली’. ते ४७ व्या क्रमांकावर अडकलं. बाजारापुढे लोटांगण घालणारी माणसं असं करत नाहीत.

ऐंशीच्या दशकाचा उरलेला भाग सौम्य होत गेला. ‘फीलाइन’ मला आवडतो, ‘ड्रीमटाइम’ फारसा नाही. ऑगस्ट १९९० मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या कार्यक्रमानंतर कॉर्नवेल बाहेर पडला आणि पुन्हा कधी परतला नाही. चाहते तेव्हापासून ‘मार्क वन’ आणि ‘मार्क टू’ अशी भाषा बोलतात. पॉल रॉबर्ट्स सोळा वर्षं गायला. त्या काळातल्या अल्बमांचं समर्थन करणारे थोडे आहेत, आणि मी त्यांच्यात नाही, २००४ चा ‘नॉरफोक कोस्ट’ वगळून. २००६ पासून गाण्याची धुरा बॅझ वॉर्नने घेतली आणि आवाजात पुन्हा जुना खरखरीतपणा आला.

कॉर्नवेल नाही म्हणजे स्ट्रँगलर्स नाही, असं मानणारा गट मोठा आहे. कॉर्नवेल स्वतःच्या कार्यक्रमांत जुनी गाणी गातो आणि हा गट तिकडे जातो. शब्द आणि आवाज प्रामुख्याने त्याचेच होते, हे खरं. तरीही मी दुसऱ्या गटात आहे. कॉर्नवेलच्या तोंडून तीच गाणी कीबोर्डशिवाय ऐकली की ती चांगली गाणी वाटतात, स्ट्रँगलर्स वाटत नाहीत. वॉर्नच्या तोंडून, मागे ग्रीनफील्ड आणि बर्नेल असताना, ती वाटायची.

म्हणूनच माझ्यासाठी निर्णायक तारीख १९९० मधली नाही, ३ मे २०२० ही आहे. हृदयविकारासाठी रुग्णालयात असलेल्या ग्रीनफील्डला तिथे कोविड झाला आणि तो गेला. डिसेंबर २०२२ मध्ये जेट ब्लॅकही गेला, ८४ व्या वर्षी. मंचावरून तो त्याआधीच निवृत्त झाला होता. २०२१ चा ‘डार्क मॅटर्स’ चौथ्या क्रमांकावर गेला, म्हणजे पहिल्या अल्बमच्याच जागेवर. त्यातल्या बहुतेक गाण्यांत ग्रीनफील्ड वाजतो आहे, आणि एक गाणं त्याच्या आठवणीत बांधलेलं आहे. मूळ चौघांपैकी मंचावर आता एकटा बर्नेल उरला आहे. २०२४ मध्ये पन्नाशीचे कार्यक्रम झाले, रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही. लोकांनी त्या रात्री साजऱ्या केल्या याचा मला आनंद आहे, आणि बर्नेलला वाजवत राहण्याचा पूर्ण हक्क आहे. पण अल्बमांच्या मालिकेतला शेवटचा अल्बम माझ्या हिशेबी ‘डार्क मॅटर्स’च. ज्याला हा बँड नव्याने ऐकायचा आहे त्याने ‘पीचेस’पासून सुरुवात करू नये. ‘द रेव्हन’ लावावा, आणि पहिल्या वेळी गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून फक्त डाव्या-उजव्या हाताचा तो कीबोर्ड ऐकावा.