रक्त पडते कुठून?

खोकल्याबरोबर रक्त पडले की घरातल्यांच्या मनात पहिला शब्द येतो तो क्षयाचा. आपल्याकडे हे स्वाभाविकच आहे. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला राजयक्ष्म्याने गेले, डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात त्याच रोगाने गेल्या. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले चाकरमानी एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांतले कित्येक छातीचा रोग घेऊनच गावी परतले. पण पुष्कळदा असेही घडते, की क्षय कधीच बरा झालेला असतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि तरीही काही वर्षांनी वाटीभर रक्त पडते. रोग उलटला असे समजून पुन्हा तीच औषधे सुरू करण्याआधी विचारायला हवे, की हे रक्त येते कुठून?

फुफ्फुसांकडे रक्त दोन वाटांनी येते. मोठी वाट फुफ्फुस-धमनीची. हृदयाच्या उजव्या बाजूचे सगळे रक्त प्राणवायू घेण्यासाठी तिच्यातून जाते. पण तिथला दाब कमी, सरासरी १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. दुसरी वाट श्वासनलिका-धमन्यांची. महाधमनीतून निघणाऱ्या या धमन्या दीड मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि श्वासनलिकांच्या भिंतींचे पोषण करतात. त्यांच्यातून हृदयाचे जेमतेम शेकडा एक टक्का रक्त जाते, पण दाब मात्र महाधमनीचा, म्हणजे दंडावर पट्टा बांधून मोजतो तो.

क्षय बरा झाला तरी फुफ्फुसात व्रण आणि पोकळ्या राहतात, श्वासनलिका फुगलेल्या राहतात, जुन्या पोकळीत कधी बुरशीचा गोळा वाढतो. तिथली सूज या बारीक धमन्यांना वाढवत नेते. त्या जाड, नागमोडी आणि ठिसूळ होतात व एखाद्या दिवशी फुटतात. मोठ्या रक्तस्रावांपैकी दहांतले सुमारे नऊ या धाकट्या वाटेने होतात. धोका रक्त कमी होण्याचा कमी, गुदमरण्याचा जास्त. कारण श्वासमार्गात मावते ते दीडशे मिलिलिटर, म्हणजे कपभर.

पूर्वी छाती उघडून तो भाग कापणे हाच मोठा उपाय होता, आणि झिजलेल्या फुफ्फुसाच्या रुग्णाला तो अनेकदा सोसत नसे. वाट सापडली ती नळीची. १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या दंडातून हृदयापर्यंत नळी सरकवली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि तारेवरून नळी अशी सोपी रीत दिली. १९७४ च्या सुमारास फ्रान्समध्ये झाक रेमी यांनी याच वाटेने श्वासनलिका-धमन्या आतून बंद करून दाखवल्या.

आज जांघेत भूल देऊन लहानशा छिद्रातून नळी महाधमनीत नेतात, रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांवर बिघडलेली धमनी शोधतात आणि तिच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे कण सोडतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. खरा धोका एकच, पण मोठा: याच धमनीतून कधी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला फाटा जातो. कण तिकडे गेले तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून डॉक्टर आधी चित्र बारकाईने पाहतात आणि आणखी बारीक नळी त्या फाट्याच्या पुढे नेतात. ते जमत नसेल तर थांबतात.

दुसरा विकार याच्या नेमका उलट. काहींच्या फुफ्फुसात जन्मतःच धमनी आणि शीर थेट जोडलेल्या असतात, मधली केशवाहिन्यांची चाळणी नसते. १८९७ मध्ये चर्टन यांनी शवविच्छेदनात हे पाहिले. चाळणी नसल्याने रक्ताची गुठळी किंवा जंतू सरळ मेंदूत पोहोचतात; तरुण वयात पक्षाघात किंवा मेंदूत गळू होते. घरात अनेकांचा घोळणा वारंवार फुटत असेल तर हा आनुवंशिक विकार शोधावा. इथे कण सोडले तर तेही मेंदूत जातील, म्हणून धातूची गुंडाळी किंवा बूच बसवतात. पहिल्या विकारात मात्र गुंडाळी सहसा टाळतात, कारण पुन्हा रक्त पडल्यास आत शिरायचे दारच बंद होते.

आणि रक्त पुन्हा पडू शकते. कणांनी धमनी बुजते, जुने फुफ्फुस तेच राहते. पण जीव वाचतो, पुढच्या उपचाराला वेळ मिळतो.

इथून कोल्हापूर आंबा घाटातून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. म्हणून रक्त पडताच जवळचे रुग्णालय गाठावे. कुठल्या बाजूने रक्त येते हे ठाऊक असेल तर रुग्णाला त्याच कुशीवर निजवावे, म्हणजे चांगले फुफ्फुस भरत नाही. आणि रक्त थांबले तरी थुंकी तपासणीबरोबर धमन्यांचा सीटी स्कॅन लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे.