वळीव का चुकतो?

ऊन जितके कडक तितका वळीव जोरदार, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. उष्णतेने हवा वर चढते. परंतु तिच्यात बाष्पच नसेल तर ढग बनणार कशाचे? बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. वैशाखात येथे बाष्प येते ते बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर. ज्या वर्षी वायव्येचे कोरडे वारेच वाहत राहतात, त्या वर्षी दुपारी जमलेले ढग संध्याकाळी विरून जातात. वरच्या थरात उष्ण, कोरडी हवा झाकणासारखी बसली, तर वाढू पाहणारा ढगही तेथेच खुंटतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत हे दोन्ही होते. अशा वर्षी वळीवही चुकला, की चारा-पाण्याची ओढ आणखी लांबते. उलट, २५ मे २०२५ रोजी याच भागात एवढा पाऊस कोसळला, की नीरा डावा कालवा फुटला. इतका लहरी पाहुणा पाण्याच्या हिशेबात जमेस धरता येत नाही. उन्हाळ्याची तरतूद आदल्या पावसाळ्यातच झाली पाहिजे. वळीव आलाच, तर तो वरकड लाभ समजावा.