अपसॅम्पलिंग : नमुने वाढतात, सूर नव्हे

भंडारा जिल्ह्यासह संपूर्ण झाडीपट्टीत दंडार हा लोकनाट्यप्रकार रुजलेला आहे. अशा प्रयोगाचे ध्वनिमुद्रण संगणकावर ऐकताना ‘अपसॅम्पलिंग’ केल्यास आवाज अधिक खुलतो, असा समज आढळतो. त्यासाठी महागडा प्रोसेसर घेण्यापूर्वी त्यामागील गणित समजून घेणे इष्ट ठरेल.

सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात डाव्या आणि उजव्या अशा प्रत्येक वाहिनीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदविलेले असतात. अपसॅम्पलिंगमध्ये ही संख्या, समजा, चौपट म्हणजे १,७६,४०० केली जाते. मधले नमुने गणिती फिल्टर काढून देतो. या फिल्टरमध्ये एक हजार गुणक असतील, तर कार्यक्षम मांडणीतही प्रत्येक नव्या नमुन्यासाठी २५० गुणाकार करावे लागतात. दोन्ही वाहिन्यांचे मिळून ते सेकंदाला ८ कोटी ८२ लाख होतात. आजच्या साध्या संगणकालाही हा भार किरकोळ आहे. मात्र गुणक दहा लाखांवर नेल्यास हाच आकडा ८,८२० कोटींवर जातो. ‘फास्ट फुरिए ट्रान्सफॉर्म’ ही पद्धत वापरून तो पुष्कळ घटवता येतो. 

एवढे करून हाती काय लागते? सीडीच्या मुद्रणात जास्तीत जास्त २२,०५० हर्ट्झपर्यंतचीच कंपने सामावतात. नवे नमुने जुन्यांवरूनच काढलेले असल्याने मूळ माहितीत भर पडत नाही. फार तर आकड्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेचे काम सुलभ होते. मुद्रणातच निसटलेला सूर कोणताही प्रोसेसर परत आणू शकत नाही. म्हणूनच दंडार जतन करायची असेल, तर खर्च आधी चांगल्या मायक्रोफोनवर करावा आणि मूळ फाइल जपून ठेवावी.