कुदळीचा दांडा आणि होडीची डोलकाठी

घोटीच्या आठवडे बाजारातून आणलेल्या कुदळीला दांडा बसवताना शेतकरी काय करतो, ते विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. कुदळीच्या डोळ्याचे एक तोंड रुंद आणि दुसरे अरुंद असते. दांड्याचे जाड टोक रुंद बाजूस येईल अशा रीतीने तो ओवतात आणि उलटा धरून जमिनीवर ठोकतात. काम करताना कुदळ जितकी फेकली जाते, तितकी ती जाड टोकाकडे सरकून घट्ट होते. तरीही इगतपुरी तालुक्यातल्या पावसात घट्ट असलेला दांडा वैशाखात खुळखुळू लागतो. मग तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय होतो. हा उपाय फसवा आहे. फुगू पाहणाऱ्या लाकडाला लोखंड जागा देत नाही, त्यामुळे लाकडाचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा सैल होतो. पाचर मारणे केव्हाही चांगले.

हाच प्रश्न शिडाच्या छोट्या होडीत वेगळ्या रूपात येतो. घोटीजवळ १९१६ साली बांधलेल्या दारणा धरणाचे विस्तीर्ण पाणी आहे; पण महाराष्ट्रात शिडाच्या होड्यांचा खेळ प्रामुख्याने मुंबईच्या बंदरात आणि खडकवासल्याच्या जलाशयात वाढला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधील शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या होत्या. या खेळातली एक लोकप्रिय होडी म्हणजे ‘लेसर’. आता ती ‘आयएलसीए’ या नावाने ओळखली जाते. ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये तिचा आराखडा काढला, तो मोटारीच्या टपावरून नेता येईल अशी होडी हवी म्हणून. साहजिकच डोलकाठी दोन तुकड्यांत आली. १९९६ पासून ही होडी ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणन याने तिच्यावर कांस्यपदक मिळवले.

मूळ रचनेत डोलकाठीचे दोन्ही तुकडे अल्युमिनियमच्या नळीचे होते. वरच्या बारीक नळीच्या खालच्या टोकाला प्लॅस्टिकचे बूच असते आणि त्याच्या थोडे वर प्लॅस्टिकची कॉलर. हा भाग खालच्या जाड नळीत उतरतो. म्हणजे वरची नळी दोनच जागी टेकते. या दोन जागा झिजल्या की सांधा खेळू लागतो.

किती खेळतो? हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. आत गेलेला भाग ३० सें.मी., बाहेर उरलेला ३.३ मीटर आणि दोन्ही जागी व्यासात १ मि.मी. मोकळीक. मग कॉलर मध्यापासून अर्धा मि.मी. एकीकडे आणि बूच अर्धा मि.मी. दुसरीकडे जाऊ शकते. ३०० मि.मी. लांबीत १ मि.मी. कल, म्हणून शेंड्याला ११ मि.मी. दुसऱ्या बाजूलाही तितकाच धरला, तर शेंडा २२ मि.मी. डुलतो. आत गेलेला भाग निम्मा असता तर हा कल दुप्पट झाला असता. चांगल्या सांध्यात किती घट्ट आहे यापेक्षा किती खोल आहे याला महत्त्व असते, ते यामुळेच.

शेंडा थोडा डुलला म्हणून बिघडले कुठे, असे कोणी विचारील. खरा धोका सांध्यातील बलांचा आहे. वाऱ्याचा एकूण जोर २० किलोग्रॅम भाराइतका आणि सांध्यापासून दीड मीटर उंचीवर आहे असे समजा. तरफेच्या नियमाने बुचापाशी १०० आणि कॉलरपाशी १२० किलोग्रॅम भाराइतके बल येते. सांधा नीट बसलेला असेल तर हा भार बऱ्यापैकी पसरतो. सैल असेल तर तो कडेच्या चिंचोळ्या जागेवर एकवटतो, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी तेथे ठोका बसतो. त्यातच कॉलर धरून ठेवणाऱ्या रिव्हेटचे भोक बहुधा याच जागी असते. दोर ताणला की काठीचा शेंडा मागे वाकतो, म्हणजे पुढची बाजू ताणली जाते व मागची दाबली जाते. भोक ताणाच्या बाजूस असेल तर तडा तेथूनच सुरू होतो. म्हणून रिव्हेट मागच्या बाजूस असावा.

दुरुस्तीपूर्वी खालच्या नळीचे तोंड कॅलिपरने दोन काटकोनी दिशांत मोजावे. मापे वेगळी आली तर नळी लंबगोल झाली आहे, आणि तेथे कितीही पट्टी गुंडाळली तरी उपयोग नाही. तोंड गोल असेल तर कॉलरवर व बुचावर चिकटपट्टीचे वेढे द्यावेत. विजेच्या कामाची पट्टी सुमारे ०.१३ मि.मी. जाड असते. एका वेढ्याने व्यास ०.२६ ने वाढतो, तीन वेढ्यांनी ०.७८ ने. उरलेली ०.२२ मि.मी. मोकळीक काठी सरकायला पुरते. पुष्कळजण पट्टी फक्त कॉलरवर लावतात, कारण ती नजरेसमोर असते. मग बूच मोकळेच राहते आणि डुलणे जेमतेम निम्म्याने कमी होते. पट्टी दाबाने चेपते, म्हणून ती अधूनमधून बदलावी लागते. पत्र्याची पट्टी मात्र कधीच घालू नये. खाऱ्या पाण्यात लोखंड व अल्युमिनियम एकत्र आले की विद्युतघट तयार होतो आणि अल्युमिनियम खाल्ले जाते. शर्यतीच्या होडीला काय चालते, ते तिच्या नियमावलीत आधी पाहावे.

उलट चूकही होते. फार घट्ट बसवलेली काठी वाळूचा एखादा कण आणि मीठ यांमुळे अडकून बसते. तेव्हा ओढण्याआधी गोडे पाणी ओतून पिळावी. तेवढ्याने निघाली नाही तर बाहेरच्या नळीवर गरम पाणी टाकावे. ६३ मि.मी. व्यासाची अल्युमिनियमची नळी ४० अंशांनी तापली तर व्यास जेमतेम ०.०६ मि.मी. वाढतो, पण आतली नळी थंड असेपर्यंत तेवढेही कधीकधी पुरते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तेही याच तत्त्वावर. सव्वा मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापवली तर व्यास सुमारे साडेसात मि.मी. वाढतो आणि पाणी ओतताच ती चाकाला आवळून बसते.

वर्गात हे दाखवायला होडी लागत नाही. एकात एक सैल जाणारे दोन प्लॅस्टिकचे पाइप घ्यावेत. आतला पाइप प्रथम १० व नंतर २० सें.मी. आत घालून, बाहेर दोन्ही वेळा एक मीटर राहील असा कापून, शेंडा भिंतीवरच्या मोजपट्टीसमोर किती हलतो ते मोजावे. मग आधी एका जागी आणि नंतर दोन्ही जागी वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून पुन्हा मोजावे. आकडे हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण पाइप स्वतःही वाकतो. तो किती वाकतो हे वेगळे कसे काढायचे, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.